मराठी-कन्नड डिझाइनसाठी फॉन्ट मॅनेजर कसा निवडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात डीटीपीचं काम करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर चार तऱ्हेचे फॉन्ट एकत्र नांदत असतात: श्रीलिपी या टायपिंग प्रोग्रामचे जुने देवनागरी, तशाच नुडी प्रोग्रामचे कन्नड, दोन्ही लिप्यांचे युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे चालणारा एकच संकेत असलेले) आणि इंग्रजीचे वाट्टेल तेवढे. लग्नपत्रिका मराठीत, पतसंस्थेचा अहवाल दोन्ही भाषांत आणि दुकानाच्या पाटीवर कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४च्या दुरुस्तीप्रमाणे ६० टक्के कन्नड. अशा कामासाठी फॉन्ट मॅनेजर, म्हणजे फॉन्ट लागतील तसे चालू-बंद करणारा प्रोग्राम, निवडताना दोनच गोष्टी आधी बघाव्यात. तो जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट नीट हाताळतो का? आणि एका कामाचे सगळे फॉन्ट एकदम चालू-बंद करता येतात का? दिसायला छान, क्लाउडवर साठवण, रंगीत लेबलं हे सगळं त्यानंतर.

मॅनेजर हवाच कशाला, तर सगळे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये ओतले की कोरल (कोरलड्रॉ हा डिझाइनचा प्रोग्राम) उघडायला वेळ खातं, यादीतून हवा तो फॉन्ट सापडत नाही आणि एकाच नावाच्या दोन आवृत्त्या एकमेकींच्या पायात येतात. मॅनेजरमध्ये फाइल आपल्या फोल्डरमध्येच राहते, काम सुरू करताना फॉन्ट चालू करायचा आणि संपलं की बंद.

आधी फॉन्ट वेगळे करा

कोणताही प्रोग्राम बसवण्याआधी हे काम उरका, नाहीतर आहे तो गोंधळच नव्या खिडकीत दिसेल.

१. फॉन्ट्स फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या.

२. त्या प्रतीत पाच फोल्डर करा: युनिकोड देवनागरी, युनिकोड कन्नड, श्रीलिपी, नुडी, इंग्रजी. फोल्डरची नावं रोमन अक्षरांत ठेवा. काही जुने प्रोग्राम देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी अडखळतात.

३. फॉन्ट कोणत्या जातीचा हे कळत नसेल तर फाइलवर डबल क्लिक करा. ‘ए, बी, सी, डी’च्या ओळीत इंग्रजीऐवजी देवनागरी किंवा कन्नड अक्षरांचे तुकडे दिसले, तर तो जुन्या सांकेतिक पद्धतीचा. इंग्रजी अक्षरं नीट दिसत असतील तर बहुधा युनिकोड.

४. निर्मला यूआय, मंगल, तुंगा, एरियल, सेगो यूआय, टहोमा यांना हात लावू नका. हे विंडोजचे स्वतःचे फॉन्ट आहेत आणि इतर प्रोग्राम त्यांच्यावर विसंबून असतात.

५. श्रीलिपीचे फॉन्ट जिथे त्या प्रोग्रामनं बसवलेत तिथेच राहू द्या. ते त्यांच्या स्वतःच्या कीबोर्डशी बांधलेले असतात. मॅनेजरमधून त्यांची दुसरी प्रत चालू केली की एकाच नावाचे दोन फॉन्ट तयार होतात आणि ओळी मागेपुढे सरकतात.

तपासणीचा मजकूर

बहुतेक मॅनेजरमध्ये नमुन्याचा मजकूर बदलता येतो. ज्यात येत नाही तो आपल्या कामाचा नाही. मराठीसाठी ही ओळ टाका: ‘दुसऱ्या वऱ्हाडात विठ्ठल, ॲड. श्रीकृष्ण शुक्ल, उद्ध्वस्त, ₹ १,०००’. कच्चा फॉन्ट ‘ऱ्या’ किंवा ‘ॲ’पाशीच उघडा पडतो आणि जुन्या फॉन्टमध्ये रुपयाचं चिन्ह नसतंच. ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, हेही या ओळीत दिसतं. कन्नडसाठी ‘राष्ट्र’, ‘धर्म’, ‘कृष्ण’ हे शब्द कन्नड लिपीत लिहून ठेवा. ‘राष्ट्र’मध्ये खाली दोन ओत्तक्षरं (अक्षराखाली जोडलेली व्यंजनं) येतात, ती खालच्या ओळीत घुसत असतील तर फ्लेक्सवर ओळींमधलं अंतर वाढवावं लागणार, हे तेव्हाच कळतं.

इथे एक फसगत होते. श्रीलिपीचा किंवा नुडीचा फॉन्ट निवडून युनिकोड मजकूर बघितला, तर अक्षरं व्यवस्थित दिसतात, पण ती त्या फॉन्टची नसतात. फॉन्टमध्ये ते युनिकोड अक्षर नसल्यामुळे विंडोज निर्मला यूआयसारख्या दुसऱ्या फॉन्टमधून ते उसनं घेतं. म्हणून दहा फॉन्ट सारखेच दिसू लागले तर समजा की नमुना खोटा आहे. जुन्या फॉन्टसाठी त्याच फॉन्टमधल्या जुन्या फाइलीतली ओळ कॉपी करून नमुन्याच्या चौकटीत पेस्ट करा.

जोड्या लावून ठेवा

द्विभाषिक कामात वेळ जातो तो मराठीला शोभेल असा कन्नड फॉन्ट शोधण्यात. जाडी आणि वळण जुळणारी कुटुंबं गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात: बलू २ आणि बलू तम्मा २, अनेक देवनागरी आणि अनेक कन्नड, तिरो देवनागरी मराठी आणि तिरो कन्नड, नोटो सॅन्सच्या दोन्ही लिप्या. मॅनेजरमध्ये प्रत्येक जोडीचा एक संच करा आणि नाव कामावरून द्या: ‘पाटी-जाड’, ‘पत्रिका-सौम्य’, ‘अहवाल-मजकूर’. पाटीला बलू किंवा अनेकची जाड वजनं चालतात, अहवालाच्या बारीक मजकुराला तिरो किंवा नोटो. एकाच पॉइंट साइजमध्ये दोन्ही लिप्या सारख्या उंचीच्या दिसतीलच असं नाही. जोडी पक्की करताना दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवा, साइजमधला फरक किती लागतो ते बघा आणि तो संचाच्या नावातच लिहा.

गूगलच्या झिपमध्ये पुष्कळदा एक व्हेरिएबल फाइल (सगळी वजनं एकाच फाइलीत) आणि ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर (प्रत्येक वजनाची वेगळी फाइल) असतं. दोन्ही एकदम चालू करू नका, कारण कुटुंबाचं नाव एकच असतं. कोरलची आवृत्ती जुनी असेल तर फक्त स्टॅटिक घ्या.

कोणता घ्यावा

सगळं काम कोरलमध्येच असेल आणि आवृत्ती २०१७ किंवा नंतरची असेल, तर कोरल फॉन्ट मॅनेजर सोबत आलेलाच आहे. त्यावर आणखी खर्च करू नका. फॉन्टचं फोल्डर त्याला जोडलं की न बसवलेले फॉन्टही कोरलच्या यादीत येतात. तोच फॉन्ट फोटोशॉपमध्ये हवा असेल तर मात्र तो बसवावा लागतो.

कोरलबरोबर फोटोशॉप, इलस्ट्रेटर चालत असेल तर फॉन्टबेसपासून सुरुवात करा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि रोजच्या कामाला मोफत आवृत्ती पुरते. जुन्या, कमी रॅमच्या मशीनवर नेक्ससफॉन्ट हलका पडतो. पण तो चालू असेपर्यंतच त्यातले फॉन्ट चालू राहतात. कोणताही मॅनेजर घेतला तरी त्याची खिडकी बंद केल्यावर फॉन्ट टिकतात का, हे पहिल्याच दिवशी बघा.

चार-पाच जण एकाच फॉन्टसंग्रहावर काम करतात आणि मुख्य काम इनडिझाइनमध्ये आहे, तरच एक्स्टेन्सिसच्या कनेक्ट फॉन्ट्सचा विचार करा. फाइल उघडताच लागणारे फॉन्ट आपोआप चालू करणं ही त्याची खरी ताकद. वर्गणी दरवर्षी भरावी लागते, म्हणून चाचणीच्या मुदतीत इंटरनेट बंद ठेवूनही बघा. पावसाळ्यात खानापूरकडे इंटरनेटची लाइन गेली आणि मॅनेजर लॉगिन मागत बसला, तर पत्रिकेची छपाई थांबते. मॅकवर फॉन्ट बुकमधले संच एकट्याच्या कामाला पुरतात.

अडलं तर

फॉन्ट बसवला, पण यादीत दिसत नाही: विंडोज १० आणि ११ मध्ये साधं ‘इन्स्टॉल’ दाबलं की तो एकाच वापरकर्त्यापुरता बसतो आणि काही प्रोग्रामना दिसत नाही. उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ घ्या.

वेलांटी चुकीच्या जागी, जोडाक्षरं फुटलेली: दोष बहुधा फॉन्टचा नसतो. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर, जुन्या फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट आणि इलस्ट्रेटरच्या टाइप प्रेफरन्समध्ये इंडिक पर्याय चालू करा.

जुनी फाइल उघडल्यावर रोमन चिन्हांची खिचडी: फॉन्ट नाही, एवढाच अर्थ. त्या मजकुराला दुसरा देवनागरी फॉन्ट लावून सेव्ह करू नका. श्रीलिपी आणि कृतिदेव (दुसरा जुना देवनागरी फॉन्ट) यांच्या सांकेतिक पद्धती वेगळ्या आहेत, खिचडी फक्त बदलेल. मूळ फॉन्ट चालू करा आणि मगच पुढचं काम.

टाइप १ जातीचे पीएफबी फॉन्ट: जानेवारी २०२३ पासून अडोबीच्या नव्या आवृत्त्या हे घेत नाहीत. मॅनेजरनं चालू दाखवले तरी इलस्ट्रेटरच्या यादीत येणार नाहीत.

सगळं बरोबर असूनही भलतीच अक्षरं दिसत असतील तर फॉन्टचा कॅशे, म्हणजे विंडोजनं साठवलेली फॉन्टची तात्पुरती माहिती, बहुधा बिघडलेला असतो. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज फॉन्ट कॅशे सर्व्हिस’ थांबवा, तिच्या फॉन्टकॅशे फोल्डरमधल्या फाइली काढा आणि मशीन पुन्हा चालू करा.

काम कोल्हापूरला ऑफसेटला पाठवताना कोरलमधलं ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ किंवा इनडिझाइनमधलं ‘पॅकेज’ वापरलं की लागलेले फॉन्ट एका फोल्डरमध्ये जमा होतात. ते फोल्डर आपल्याकडे त्या कामाबरोबर ठेवा. प्रेसला पीडीएफ द्या किंवा अक्षरं कर्व्ह करून (फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत बदलून) फाइल द्या, पण कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावानं जपा. ग्राहक मुहूर्ताची वेळ आदल्या रात्री बदलतो, तेव्हा तीच प्रत उघडावी लागते.