ब्राउझर बंद केल्यावर मागे चालू राहणारी प्रक्रिया सुरक्षित आहे का, हे कसे ओळखावे?

फोंड्याजवळच्या एका देवस्थानच्या कचेरीतील संगणक बिघडला की तेथून मला बोलावणे येते. चवथीच्या आधी असेच बोलावणे आले, पण या वेळी यंत्र बिघडले नव्हते, हिशेबनीस घाबरले होते. क्रोम बंद करून त्यांनी टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकावर काय काय चालू आहे याची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडला होता आणि तेथे क्रोमच्या नावाच्या नऊ ओळी तशाच उभ्या होत्या. "दार लावून कुलूप घातले, तरी आत कोणीतरी बोलतेय असे वाटले," असे ते म्हणाले. त्या नऊ ओळी एकेक करून त्यांच्यासमोर तपासल्या आणि तीच पद्धत येथे लिहीत आहे. ती विंडोज 10 आणि 11 या दोन्हींवर चालते.

आकड्याला घाबरण्याचे कारण नाही. क्रोम 2008 मध्ये आला तेव्हापासूनच तो आपले काम अनेक स्वतंत्र प्रक्रियांत, म्हणजे वेगवेगळ्या चालू कामांत, वाटून घेतो, म्हणजे एक टॅब कोसळला तरी बाकीचे शाबूत राहतात. 2018 मध्ये प्रोसेसरमधील 'स्पेक्टर' नावाचा दोष उघड झाल्यावर प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत ठेवण्याची व्यवस्था सर्रास लागू झाली आणि ओळी आणखी वाढल्या. विंडो बंद केल्यावरही काही ओळी उरतात, कारण क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' या भागात, ब्राउझर बंद असतानाही पार्श्वभूमीतील ॲप्स चालू ठेवण्याचे एक बटण असते. मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरमध्ये त्याच्या जोडीला, तो लवकर उघडावा म्हणून आधीच मागे चालू ठेवणारे 'स्टार्टअप बूस्ट' असते. एज कधीच न उघडणाऱ्यांनाही 'वेबव्ह्यू 2' नावाची प्रक्रिया दिसते, कारण विंडोजचे विजेट्स, टीम्स, नवे आउटलुक यांसारखे प्रोग्राम आपली पाने दाखवायला तिचाच आधार घेतात.

म्हणून नाव आणि संख्या बाजूला ठेवून फाइल कोठे राहते, हे आधी पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, संशयित ओळीवर उजवे क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. खऱ्या क्रोमची फाइल 'सी' ड्राइव्हवरील 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, 'गूगल', 'क्रोम' आणि 'ॲप्लिकेशन' अशा एकात एक असलेल्या फोल्डरांत सापडते. एजची फाइल बहुधा 'प्रोग्राम फाइल्स एक्स 86'मध्ये असते. क्रोम ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीशिवाय बसवला असेल, तर तो वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा'मधील 'लोकल' फोल्डरात राहतो, त्यामुळे 'ॲपडेटा' दिसले म्हणजे व्हायरसच, अशी जी समजूत पसरली आहे ती चुकीची आहे. मात्र 'टेम्प', 'डाउनलोड्स' किंवा अर्थहीन अक्षरांच्या फोल्डरातून क्रोम चालत असेल, तर संशय धरावा. फाइलचे नावही अक्षर अक्षर वाचावे. इंग्रजी आर आणि एन ही अक्षरे शेजारी आली की बारीक टंकात एमसारखी दिसतात आणि 'क्रोम' या शब्दाच्या शेवटाजवळ ही लबाडी सहज खपून जाते. हिशेबनिसांना मी ते कागदावर लिहून दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला.

जागा बरोबर असली तरी डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे फाइल कोणत्या कंपनीने बनवली याचा शिक्का, पाहावी. सापडलेल्या फाइलवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधील 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब उघडावा. क्रोमवर 'गूगल एलएलसी', एजवर 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' आणि फायरफॉक्सवर 'मोझिला कॉर्पोरेशन' हे नाव हवे. नाव वाचून थांबू नये, 'डिटेल्स' दाबून स्वाक्षरी वैध असल्याचा निर्वाळा विंडोज देते का तेही पाहावे, कारण पावतीवरचा शिक्का नुसता दिसून भागत नाही, तो कचेरीचाच असावा लागतो. ब्राउझर म्हणवणाऱ्या फाइलला हा टॅबच नसेल, तर ती फाइल बनावट आहे असे धरून चालावे. शंका राहिली तर फाइल 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर तपासता येते. तेथे अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी आपले मत देतात, त्यामुळे एखाद्यानेच लाल खूण दाखवली तर तो खोटा इशाराही असू शकतो. मात्र तेथे चढवलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांपर्यंत पोहोचते, म्हणून हिशेबाची किंवा खासगी कागदपत्रे तेथे चढवू नयेत.

आता ही प्रक्रिया सुरू कोण करतो, ते पाहावे. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये रकान्यांच्या शीर्षकावर उजवे क्लिक करून 'कमांड लाइन' हा रकाना जोडला, की प्रत्येक ओळीमागची आज्ञा दिसते. 'टाइप' या शब्दापुढे 'रेंडरर', 'जीपीयू प्रोसेस' किंवा 'युटिलिटी' असे लिहिलेले असेल, तर ती ब्राउझरची नेहमीची नोकरमंडळी समजावी. डेस्कटॉपवरील शॉर्टकटच्या 'टार्गेट' रकान्यात फाइलच्या नावानंतर एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर मात्र कोणीतरी हात घातलेला आहे. गूगलच्या 'अपडेटर'ला याच सपाट्यात उडवू नये. सुरक्षेची भोके बुजवण्याचे काम तोच करतो.

फाइल खरी, स्वाक्षरी वैध, म्हणून आत चाललेले काम निर्धोक आहे असे मात्र ठरत नाही. 2017 मध्ये काही संकेतस्थळे टास्कबारवरील घड्याळाच्या जागेमागे लपणारी इवलीशी विंडो उघडत आणि वापरकर्त्याने ब्राउझर बंद केला असे समजल्यावरही त्याच्या प्रोसेसरवर कूटचलन (क्रिप्टोकरन्सी) खणत, म्हणजे त्याचा प्रोसेसर वापरून ते कमावत, राहत. तेथे ब्राउझर अस्सलच होता. असे काही चालले आहे का, हे पाहण्यासाठी क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबावे. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किंवा कोणते एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा पूरक प्रोग्राम) किती प्रोसेसर आणि मेमरी खाते, ते नावानिशी दिसते. फायरफॉक्समध्ये हेच काम 'अबाउट प्रोसेसेस' हे पान करते.

फाइल बनावट निघालीच, तर केवळ 'एंड टास्क' करून समाधान मानू नये, कारण ती पुन्हा उठते. आधी इंटरनेट तोडावे, मग विंडोज सिक्युरिटीमधून डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसची ऑफलाइन तपासणी चालवावी. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, आणि बदलताना सर्व ठिकाणचे लॉगिन रद्द करावे, कारण चोरलेल्या कुकीज, म्हणजे लॉगिनची आठवण ठेवणाऱ्या ब्राउझरमधील नोंदी, पासवर्डशिवायही खाते उघडू शकतात. पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

कचेरीतील नऊही ओळींच्या फाइली जागच्या जागी आणि स्वाक्षरीसह सापडल्या. पण क्रोमच्या टास्क मॅनेजरमध्ये पावत्यांची पीडीएफ करून देणारे एक एक्स्टेन्शन दिसले, ज्याला सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी होती. ते कोणी बसवले, हे कोणालाच आठवेना. बँकेचे व्यवहार त्याच ब्राउझरमध्ये होत असल्याने मी ते काढून टाकले, दुसऱ्या यंत्रावरून बँकेचा पासवर्ड बदलायला लावला, पार्श्वभूमीचे बटण बंद केले आणि क्रोम मिटवला. हिशेबनिसांनी स्वतः टास्क मॅनेजर उघडून यादी वरून खालपर्यंत बोटाने वाचली. क्रोमची एकही ओळ उरली नव्हती. मग त्यांनी वेबव्ह्यूच्या ओळीवर बोट टेकवले आणि "आता हिची फाइल कोठे आहे, ते मी दाखवतो," म्हणून उजवे क्लिक केले.