न्यूयॉर्कची सबवे गाण्यांच्या वाटेने कशी पाहावी

न्यूयॉर्कच्या सबवेचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, उल्लेख असणाऱ्या गाण्यांची यादी कोणालाही करता येते; परंतु ती गाणी त्या त्या मार्गावरच्या गाडीत बसून ऐकायची असतील, तर थोडी आखणी करावी लागते. १९०४ साली सुरू झालेल्या या रेल्वेची स्थानके आज चारशेहून अधिक आहेत. ती सगळी पाहण्याच्या फंदात न पडता सरळ ‘ए’ या अक्षराने ओळखली जाणारी गाडी धरावी, असे माझे मत आहे.

निघण्यापूर्वी गाणी फोनवर उतरवून घ्यावीत, कारण बोगद्यात नेटवर्कचा भरवसा नसतो. प्रवेशद्वारावर बँकेचे कार्ड टेकवले की भाडे कापले जाते आणि अंतर कितीही असले तरी ते तेवढेच असते. न्यू जर्सीतील एडिसनकडून येणाऱ्या मराठी मंडळींना पेन स्टेशनला उतरून तिथेच ‘अपटाउन’ म्हणजे उत्तर दिशेची ‘ए’ पकडता येते. रात्री उशिरा ही गाडी प्रत्येक स्थानकावर थांबत जाते आणि शनिवार-रविवारी दुरुस्तीमुळे मार्ग बदलतात. तेव्हा कामकाजाच्या दिवशी, दुपारच्या सुमारास जावे.

‘टेक द ए ट्रेन’ हे गाणे ५९व्या रस्त्याच्या स्थानकावर सुरू करावे. तिथून गाडी सुटते ती मधली सात स्थानके गाळून थेट १२५व्या रस्त्यावर, म्हणजे हार्लेममध्ये थांबते, आणि तेवढ्यात तीन मिनिटांची ही रेकॉर्ड दोनदा ऐकून होते. जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख ड्यूक एलिंग्टन यांनी बिली स्ट्रेहॉर्न या तरुण संगीतकाराला आपल्या घरी येण्याचा रस्ता सांगितला आणि त्यावरून स्ट्रेहॉर्न यांनी ही रचना केली, असे सांगितले जाते. ती गाजण्यामागे मात्र एक कोरडे, व्यावहारिक कारणही होते. १९४१ साली मानधनाच्या वादामुळे संगीतकारांच्या एका मोठ्या संघटनेच्या सभासदांच्या रचना रेडिओवर वाजवणे बंद झाले. एलिंग्टन सभासद होते, स्ट्रेहॉर्न नव्हते, म्हणून वाद्यवृंदाला रेडिओसाठी स्ट्रेहॉर्न यांच्या नव्या रचना हव्या होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत ध्वनिमुद्रित झालेली ही रचना पुढे एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची ओळखच बनली. पहिल्यांदा सुरुवातीच्या पियानोकडे आणि दुसऱ्यांदा रे नान्स यांच्या ट्रम्पेटकडे लक्ष द्यावे. गाण्यातला शुगर हिल हा भाग पाहायचा असेल तर १४५व्या रस्त्यावर उतरावे. त्याच्या पुढे ‘डी’ गाडी ब्राँक्सकडे वळते, तेव्हा चुकून तिच्यात बसू नये.

परतीची ‘ए’ ब्रुकलिनमधील हॉयट–शर्मरहॉर्नपर्यंत न्यावी. मायकल जॅक्सन यांच्या ‘बॅड’चा मार्टिन स्कॉर्सेसी यांनी दिग्दर्शित केलेला १९८७चा व्हिडिओ याच स्थानकात चित्रित झाला. या स्थानकातले बाहेरच्या बाजूचे दोन फलाट वापरात नाहीत. त्यांच्याशी जोडलेले कोर्ट स्ट्रीट हे बंद स्थानक आता परिवहन संग्रहालय आहे आणि पायी काही मिनिटांवर असलेल्या या संग्रहालयात खऱ्याखुऱ्या फलाटाला लागून जुने डबे उभे आहेत. संग्रहालय रोज उघडे नसते, तेव्हा वार आधी पाहून घ्यावा.

जवळच्याच हॉयट स्ट्रीट स्थानकातून ‘२’ क्रमांकाची गाडी घ्यावी आणि या वेळी कानातले इअरफोन काढून ठेवावेत. दरवाजे बंद होताना दोन स्वर ऐकू येतात: आधी शुद्ध गंधार, मग षड्ज. गाडी हलताना मात्र खरी गंमत आहे. तिसऱ्या रुळातून येणारी ६२५ व्होल्टची एकदिश (डीसी) वीज गाडीच्या विद्युत मोटारींसाठी प्रत्यावर्ती (एसी) केली जाते आणि ते करणाऱ्या उपकरणांतून तीन स्वर उमटतात. पहिला षड्ज मानला तर पुढचे दोन कोमल निषाद आणि शुद्ध धैवत. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतिकेतील ‘समव्हेअर’ या गाण्याचे पहिले तीन स्वर नेमके हेच आहेत. हा योगायोग आहे, कोणी मुद्दाम केलेली योजना नव्हे. मला तर तो ठरवून लिहिलेल्या अनेक गाण्यांपेक्षा सरस वाटतो. मोटारींच्या जवळ बसल्यास तो स्पष्ट ऐकू येतो. सर्वच गाड्या असा आवाज करत नाहीत, म्हणून एक-दोन गाड्या सोडाव्या लागल्या तरी हरकत नाही.

जेनिफर लोपेझ यांच्या १९९९च्या ‘ऑन द ६’ या अल्बमचे नाव ब्राँक्सहून येणाऱ्या त्यांच्या ‘६’ गाडीवरून पडले. वेळ उरला तरच तो मार्ग घ्यावा.

‘२’ने टाइम्स स्क्वेअरला उतरून फलाटाच्या वरच्या मजल्यावर थांबावे. १९८०च्या दशकात ‘म्युझिक अंडर न्यूयॉर्क’ या नावाने सुरू झालेल्या उपक्रमात चाचणी देऊन निवडलेले कलाकार ठरावीक जागी वाजवतात आणि त्यांच्यामागे उपक्रमाचा फलक असतो. फलक नसलेल्यांनाही वाजवण्याची मुभा आहे. मनाई आहे ती धावत्या डब्यात वाजवण्याला आणि फलाटावर ध्वनिवर्धक लावण्याला. ऐकणाऱ्याने जिना आणि वाट मोकळी ठेवून उभे राहावे, आणि मोबाइलवर चित्रण करायचे असेल तर आधी कलाकाराच्या पैशांच्या पेटीत डॉलर टाकावा. पेन स्टेशन इथून पुढचेच स्थानक आहे आणि परतायला ‘२’ गाडीच चालते.