जुन्या इंग्लिश फार्मवर कोण कोण राहायचं, हे जनगणनेच्या पानावरून कसं ओळखायचं

इथे बडोद्यात एम.एस. युनिव्हर्सिटीत इतिहास करणारी मुलं ब्रिटिश सोशल हिस्टरीचं प्रोजेक्ट आलं की थेट राजाराण्यांकडे वळतात, म्हणून हे लिहितेय, कारण १८५१ च्या जनगणनेचं एक पान नीट वाचलं तरी मोठ्या फार्मवरची राबणारी माणसं समोर येतात आणि त्यांच्याबद्दल लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१८४१ पासून सुरू करू नका. त्यात कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलंच नाही, आणि १५ च्या वरची वयं बहुतेक ठिकाणी खालच्या पाचाच्या पटीत आणलीत, म्हणजे १९ चा पोरगा १५ चा दिसतो. १८५१ मध्ये (३० मार्चची रात्र) नातं, लग्न, वय, काम, जन्मगाव सगळं आहे.

आधी मालकाची ओळ बघा. समजा लिहिलंय, फार्मर, ३०० एकर, १२ मजूर. हे बारा सगळेच घरात राहत नव्हते, लग्न झालेले मजूर आसपासच्या कॉटेजमधून रोजंदारीवर यायचे, त्यांच्यासाठी पुढची-मागची पानं चाळा. आता मालकाच्या कुटुंबाखालच्या ओळी बघा, तिथे "सर्व्हंट" दिसतील. सर्व्हंट वाचलं की आपल्याला घरातला नोकर वाटतो, पण कामाच्या रकान्यात बघा ना, कार्टर (गाडीवान), प्लाउबॉय (नांगरावरचा पोरगा), काउमन (गाई सांभाळणारा) असं असतं, म्हणजे सालगडीच हे, वर्षाची बोली, राहणं-खाणं मालकाकडे आणि पगार बहुतेक वर्ष भरल्यावर. बोली ठरायची हायरिंग फेअरला, म्हणजे गडी ठरवायच्या जत्रेत, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी २९ सप्टेंबरच्या मायकेलमस या ख्रिस्ती सणाच्या सुमारास, उत्तरेत नोव्हेंबरात मार्टिनमसच्या सणाला. मेंढपाळ लोकरीचा झुपका लावून उभा राहायचा, गाडीवान चाबकाची दोरी लावून, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळायचं कोण काय काम करतो.

वय आणि लग्नाचा रकाना एकत्र वाचा. बहुतेक सगळे अविवाहित, पंधरा ते पंचवीसच्या आतले. जन्मगाव नकाशावर शोधा, बरेचदा जवळपासच्याच गावचं निघतं.

बायकांच्या ओळींवर मात्र जास्त वेळ द्या, प्लीज. चौदा वर्षांच्या मुलीपुढे नुसतं "हाउस सर्व्हंट" लिहिलेलं असतं, पण गाई असलेल्या फार्मवर तिच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि दूध काढणं दोन्ही येऊ शकायचं, आणि डेअरीमेड असेल तर सकाळ-संध्याकाळ धारा, लोणी घुसळणं, चीज दाबून ठेवणं आणि मग रोज उलटवत राहणं, हात भरून यायचे. मालकाची बायको-मुलीही यात असायच्या, त्यामुळे त्यांच्यापुढे फक्त "फार्मर्स वाइफ" दिसलं म्हणून बिनकामाच्या धरू नका.

अजून एक, सफोकसारख्या पूर्वेकडच्या भागात मोठा फार्म असूनही घरात एखादाच गडी सापडला तर गोंधळू नका. १८१५ नंतर दक्षिण-पूर्वेत घरात गडी ठेवणं झपाट्याने कमी झालं, धान्याचे भाव पडले, मजूर भरपूर होते, मग वर्षभर पोसण्यापेक्षा रोजंदारी स्वस्त पडायची. उत्तरेत आणि पश्चिमेत ही पद्धत टिकली, म्हणून पहिल्यांदा यॉर्कशायर नाहीतर कंबरलँडचं पान घ्या.

मग त्याच फार्मचं १८६१ चं पान काढा. मालक बहुधा तोच असेल, गडी सगळे नवे. जुन्यांपैकी एकाचं नाव, वय, जन्मगाव घेऊन तो आता कुठे आहे ते शोधा, फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट अकाउंट काढलं की शोधता येतं.