जुनी पोलो जीटी, घरची रोजची धावपळ आणि नागपूरचा मे महिना: या चुका टाळा

माझ्याकडे 2014 ची पोलो जीटी टीएसआय आहे, म्हणजे फोक्सवॅगनची टर्बो पेट्रोल. मीटरवर 1,31,000 किलोमीटर. सकाळी पोरांना शाळेत सोडायला हीच, बायकोला सिव्हिल लाइन्सला ऑफिसात न्यायला हीच, आईला रामटेकला दर्शनाला न्यायला हीच आणि डिसेंबरात काटोलहून संत्री आणायलाही हीच. पोलो 2022 मध्ये भारतात बंद झाली आणि तेव्हापासून सेकंडहँड बाजारात तिच्यावर पोट्टे तुटून पडलेत. दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी भाचा फाटकासमोर गाडी लावून उभा असतो. "काका, जरा पाहता का, कसातरी आवाज येऊन रायला."

पाहतो. बॉनेट उघडलं की अर्धी गोष्ट दिसते, उरलेली अर्धी तो स्वतःच सांगतो. चुका तर इतक्या ठरलेल्या झाल्यात, की आता लिहूनच ठेवतो.

कूलंटच्या डब्यात पाणी ओतणं

या एका चुकीवर मी तासभर बोलू शकतो, कारण ती मी स्वतः केली आहे.

फेब्रुवारीत कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, दिवा पहिल्यांदा लागला. डबा पाहिला तर पातळी किमान रेषेच्या खाली. घराजवळच्या मिस्त्रीनं हिरवं कूलंट टाकून दिलं. या गाडीत मूळचं गुलाबी-जांभळं असतं आणि त्याचा रासायनिक प्रकारच वेगळा आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो, कारण ऑफिसला उशीर होत होता. मार्चमध्ये दिवा परत लागला तेव्हा मी घरच्या बोअरचं पाणी टाकलं. एप्रिलमध्ये पुन्हा. तीन महिन्यांत तीन वेळा पाणी गेलं कुठे, हा प्रश्न मला पडलाच नाही. खाली जमिनीवर थेंब दिसत नव्हता ना, म्हणून.

नागपूरच्या उन्हात थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही. गरम इंजिनावर पडतो आणि तिथेच वाळतो. मागे राहते ती पांढरट-गुलाबी खपली. माझ्या वॉटर पंपाच्या सीलजवळ अशी नखाएवढी खपली होती. टॉर्च घेऊन पाच मिनिटं पाहिलं असतं तर दिसली असती.

मे महिन्यात अमरावतीला लग्न होतं. नवतपा सुरू झालेला, सकाळी दहालाच ऊन डोक्यावर. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत आहेराची भांडी, एसी पूर्ण. बाजारगाव गेलं, पुढे कोंढाळीच्या अलीकडच्या चढावर थर्मामीटरचं चिन्ह लाल झालं आणि गाडी बोंबलायला लागली. बाजूला घेतली. मी शहाण्यासारखा रुमाल गुंडाळून डब्याच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात ढाब्यावरच्या काकांनी लांबूनच आवाज दिला, "झाकन खोलू नोका भाऊ, हात भाजन!" त्यांचे उपकार आहेत. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येतं.

चाळीस मिनिटं कडुनिंबाखाली थांबलो. मग दोन बाटल्या पाणी ओतलं आणि निघालो. दुसरी चूक ही, आणि पहिलीपेक्षा मोठी. दहा किलोमीटरवर दिवा परत लागला. तरी मी म्हटलं, हळू हळू जाऊ. हळू हळू गेलो आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, घालवून बसलो. मंगलाष्टकं संपली तेव्हा आम्ही टो ट्रकच्या केबिनमध्ये होतो. आई काही बोलली नाही. बायको म्हणाली, "बसनं आलो असतो तर आतापर्यंत जेवून झालं असतं." पंपाचं सील वेळेत बदललं असतं तर काही हजारांत भागलं असतं. हेड उतरवून, घासून, नव्या गॅस्केटसह बिल आलं 46,000. रेडिएटरमधून निघाला तो चिखल. हिरवं, गुलाबी आणि बोअरचा क्षार, तिघांचा मिळून.

साधं पाणी 100 अंशांना उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर साधारण 107 पर्यंत टिकतं, आणि सिस्टीमच्या दाबामुळे त्याच्याही बरंच वर. शिवाय कूलंट आतला धातू गंजू देत नाही आणि पंपाला जपतं. आपल्याकडे बाहेरच 45 अंश असतात, तिथे ही जास्तीची सवलत फुकट घालवण्यासारखी नाही.

आता माझी सवय सांगतो. रविवारी सकाळी तर्री-पोहे आणायला निघायच्या आधी, इंजिन थंड असताना, डब्याची पातळी पाहतो आणि डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत लिहितो. महिन्याभरात रेषा बोटभर उतरली तर गळती आहे. मग टॉर्च, आणि खपलीचा शोध. डिकीत एक लिटर योग्य कूलंट तयार मिसळून ठेवलेलं असतं. रस्त्यात लाल दिवा लागलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण जोरात, काचा खाली, आणि जागा मिळताच बाजूला. मेमध्ये हीटर लावा म्हटलं की पोट्टे हसतात. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, इंजिनातली उष्णता तो गाडीत घेतो. थांबेपर्यंत घाम गाळा, पण इंजिन वाचवा. थांबल्यावर मात्र टो ट्रकच बोलवा. माझ्यासारखं हळू हळू जाऊ नका.

डीएसजी गाडी रांगवत नेणं

या गाडीतला सात गिअरचा डीएसजी म्हणजे दोन कोरडे क्लच आणि ते चालवणारा संगणक. तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक नाही हा. तुम्ही ब्रेक अर्धवट सोडून गाडी बोटभर बोटभर पुढे सरकवता तेव्हा आत तेच चालतं, जे मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर होतं. क्लच घासतो आणि तापतो. कोरडा असल्यामुळे ती उष्णता वाहून न्यायला तेलही नाही.

व्हरायटी चौकात संध्याकाळी पहा. ऑटोमॅटिकवाले सगळे मुंगीच्या पावलानं सरकत असतात, पुढच्याच्या बंपरला चिकटून. मी दोन गाड्यांची जागा सोडतो, ब्रेक पूर्ण दाबून थांबतो. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो, म्हणून थांबण्यात काही हरकत नाही. जागा झाली की एकदाच ठामपणे पुढे जातो. मागचे हॉर्न मारतात, मारू देतो. मधल्या जागेत ऑटो घुसतात, घुसू देतो. या सवयीवर माझे मूळ क्लच 1,31,000 किलोमीटर चालले आहेत.

चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवणं हा त्याच पापाचा मोठा भाऊ. फ्लायओव्हरच्या चढावर रांग लागली की हँडब्रेक कशासाठी आहे? अपार्टमेंटच्या बेसमेंटचा रॅम्पही तसाच. पुढची गाडी पूर्ण वर गेल्याशिवाय मी चढत नाही. वॉचमनला वाटतं मला चालवता येत नाही.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर येऊ लागली, तर आधी चांगल्या स्कॅनरवर क्लचचं ॲडाप्टेशन, म्हणजे संगणकाला क्लचची नव्यानं ओळख, करून घ्या. कधी कधी तेवढ्यानंच शांत होते. गिअरची अक्षरं लुकलुकायला लागली आणि गाडी एकदम गिअर सोडू लागली, तर भानगड बहुधा मेकॅट्रॉनिकची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची आहे, क्लचची नाही. न तपासता कोणी दोन्ही बदलायला सांगत असेल तर तिथून निघा.

आणि इतवारीच्या बाजारात ही गाडी नेऊच नका. त्यासाठी घरात ॲक्टिव्हा आहे.

कोड पुसून टाकणं

गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा पाचशे-सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला की प्रत्येक जण इंजिनिअर होतो. दिवा लागला की क्लिअर, पुन्हा लागला की पुन्हा क्लिअर. मग माझ्याकडे येतात तेव्हा मेमरी कोरी असते आणि मी काय ज्योतिषी आहे?

आधी वहीत लिहा, मग विचार करा. उदाहरणार्थ, गाडी हिसके देते, ईपीसीचा (इंजिनाच्या बिघाडाचा) दिवा लागला आणि कोड आला पी0302, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. प्लगला ठिणगी देणारी नवी कॉइल आणायला धावू नका. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा आणि चालवून पहा. कोड पी0303 झाला तर कॉइल मेली. पी0302 च राहिला तर प्लग पहा, मग इंजेक्टर. एक रुपया खर्च न करता एवढं कळतं. उन्हाळ्यात कॉइल जास्त जातात, म्हणून एक चांगली कॉइल मी डिकीत ठेवतो. व्हेंटोच्या 1.2 टीएसआयमध्येही हेच इंजिन होतं, त्यामुळे पार्ट शोधताना पोलोच्याच नावानं हट्ट धरू नका.

पहिल्याच महिन्यात रीमॅप

गाडी घेतली शुक्रवारी, रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात बदल, रविवारी. मधल्या शनिवारी तेल तरी बदललं का? नाही.

कंपनीनं या गाडीला 105 पीएस आणि 175 न्यूटन मीटर दिले. घरच्या लोकांना घेऊन जायला ते पुरून उरतात. ज्या गाडीचे प्लग, कॉइल, तेल, पाइप यांचा मागचा हिशोब माहीत नाही, तिच्यावर दाब वाढवणं म्हणजे दुखऱ्या कमरेनं पोतं उचलणं. आधी वर्षभर सांभाळा. मग इच्छा उरली तर करा. बहुतेकांची उरत नाही, कारण तोपर्यंत शाळेची फी आलेली असते.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगबद्दल मी काही बोलत नाही. मानेवाड्याचे स्पीडब्रेकर बोलतील.

टायरची नक्षी पाहणं, वय न पाहणं

"काका, पहा ना, नक्षी किती आहे!" नक्षी आहे हो, पण रबर दगड झालंय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, मी बदलतो. आपल्या उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर पाचच धरा. समृद्धीवर तापलेल्या काँक्रीटवरून 120 नं तास-दीड तास सलग पळायचं, मागे पोरं झोपलेली, तिथे जुना टायर ही काटकसर नव्हे. हवा सकाळी थंड टायरला तपासा. नायट्रोजनला जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो.

काटोलहून येताना 280 लिटरच्या डिकीत संत्र्यांचे क्रेट आणि मागे तीन माणसं, असं मीही आणलंय. मागच्या टायरमध्ये दरवाजाच्या किंवा टाकीच्या झाकणाच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेली हवा भरा, एवढंच.

बाकीच्या, थोडक्यात

तेलाचा कालावधी कंपनी 15,000 म्हणते. नागपूरच्या धूळ-ऊन-ट्रॅफिकमध्ये मी 7,500 ला बदलतो, फुल सिंथेटिक आणि फोक्सवॅगनचा 502 00 दर्जा डब्यावर पाहूनच. डिपस्टिक दर रविवारी.

टर्बो तापलेला असताना हायवेवरून येऊन लगेच चावी फिरवू नका. शेवटचे दोन किलोमीटर शांत चालवा. मी तर मुद्दाम गल्लीतून येतो.

इंजिनात चेन आहे की बेल्ट, हे घेतानाच तपासा. या 1.2 टीएसआय घराण्यात जुन्या इंजिनांना चेन होती, नंतरच्यांना बेल्ट. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर चेनकडे दुर्लक्ष नको.

एसी थंड करत नाही म्हणून थेट गॅस भरू नका. आधी कंडेन्सर, म्हणजे समोरची एसीची जाळी, पहा. कापसाच्या हंगामात रस्त्यावर उडणारा कापूस त्याच्या जाळीत जाऊन बसतो आणि त्यावर धूळ. बागेच्या नळीनं हलक्या धारेत धुवा. प्रेशर पंपानं जाळीची पाती मुडपतात.

आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोलच मिळतं आणि 2014 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इंधनाच्या रबरी नळ्यांना भेगा आहेत का ते सर्व्हिसला पाहून घ्या. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर रिकामी टाकी ठेवून जाऊ नका. कंपनीचा 17.2 चा मायलेज विसरा. शहरात मला दहा-अकरा मिळतो.

बॅटरी तीन वर्षं चालली की देवाचे आभार मानून चौथ्या उन्हाळ्याआधी बदला.

उंदीर. वायरी कुरतडल्या की हजारो जातात आणि लोक तंबाखूची पानं, फिनाइल, सगळं करून पाहतात. मीही केलं. मग एकदा मागची सीट उचलली तर खाली सांबारवडीचे तुकडे, बोरकुटाची पुडी आणि अर्धं पार्ले बिस्किट. उंदराला गाडी आवडत नव्हती, आमचा फराळ आवडत होता. आता दर रविवारी सीटखाली झाडायचं काम धाकट्याकडे आहे, दहा रुपये रोजानं. मागच्या महिन्यात त्यानं पंधरा मागितले. दिले.