शेजारच्या चर्चसोबत मिळून काम करायचंय? आधी खुर्च्या कोणाच्या ते लिहून घ्या

मागे एका डिसेंबरात नागपूरच्या मेकोसाबागेतल्या एका घरी रात्री साडेनऊला नाताळची गाणी गात फिरणारी आमची कॅरल पार्टी पोचली, तर आतून दुसऱ्याच चर्चची पोरं गिटार घेऊन बाहेर येत होती. काकूंनी आम्हाला पण चहा ठेवला, पण चेहऱ्यावरून कळत होतं की केक संपलाय. परतताना आमचे पाळकसाहेब (पास्टर) म्हणाले, एवढ्याशा एरियात चार चर्च अन् चौघांच्या चार भाड्याच्या गाड्या, काय अर्थ आहे याला. तिथून आमच्याकडे एकत्र काम करायचा विषय निघाला.

मी चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी होतो तेव्हा. दोनदा केली अशी पार्टनरशिप, एक बुडाली, एक चालू आहे. सध्या बऱ्याच मंडळ्यांमधे, म्हंजे चर्चांमधे, हाच विषय चालू असतो म्हणून लिहून राह्यलो.

पहिलं काम घरातलं. समोरच्यांना भेटायच्या आधी आपल्या लोकांना विचारा की आपल्याला नेमकं काय कमी पडतं. आमच्याकडे संडे स्कूलला अकरा पोरं अन् टीचर एकच, ती पण नर्स, ड्युटी लागली की वर्ग बंद. शेजारच्या चर्चमधे टीचर तीन पण जागा नाही, पोरं जिन्यात बसायची. याला म्हणतात कारण. 'ख्रिस्ती ऐक्यासाठी' असं ठरावात लिहायला बरं वाटतं, पण त्यासाठी रविवारी सकाळी आठला कोणी चटई उचलायला येत नाही.

ऐक्याचं नागपूरकराला काय सांगायचं म्हणा. 29 नोव्हेंबर 1970 ला सीएनआय, म्हंजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, इथंच जन्मली, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात. अँग्लिकन, आधीच एक झालेले प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स अन् ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, असे सहा जण एकत्र आले. बोलणी 1929 ला सुरू झाली होती, म्हंजे 41 वर्षं लागली! अन् तरी अमेरिकन मिशनवाले मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, म्हणून आजही ते वेगळे अन् सीएनआय वेगळी. तेव्हा दोन मीटिंगांत नाही जमलं तर तोंड पाडू नका.

दुसरं, समोर 'हो' म्हणायचा अधिकार कोणाला आहे ते माहीत करून घ्या, यात फार वेळ वाया जातो. सीएनआयमधे पाळक एकटा काही ठरवू शकत नाही, पास्टोरेट कमिटी असते अन् वर डायोसिस म्हंजे धर्मप्रांत, त्याचा बिशप. मेथडिस्टांचं डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट अन् कॉन्फरन्सचं वेगळं गणित. कॅथलिक पॅरिशमधे फादरशी बोला, मोठी गोष्ट असेल तर ती आर्चबिशपपर्यंत जाते. स्वतंत्र फेलोशिपमधे बहुतेक पास्टर अन् त्यांच्या घरचेच ठरवतात, तिथं उत्तर दहा मिनिटांत मिळतं अन् कधीकधी दहा मिनिटांत बदलतंही. मलयाळी मार थोमावाल्यांकडे गेलात तर भाषेचाही विचार करा, अ‍ॅडव्हेंटिस्टांकडे शनिवारचा, त्यांची उपासना त्याच दिवशी असते. साधी चौकशी आहे, पण आम्ही एकदा तीन महिने ज्यांच्याशी बोललो ते गृहस्थ नुसते क्वायर मास्टर, म्हंजे गाणी बसवणारे, निघाले.

आता नाजूक भाग. प्रभुभोजन (कम्युनियन, भाकर-द्राक्षरसाचा विधी) अन् बाप्तिस्मा. याच्यावर पहिल्याच बैठकीत बोला, लाजू नका, कारण नाही बोललात तर ते बरोबर एकत्र उपासनेच्या दिवशी वेदीसमोर निघतं अन् मग सगळ्यांसमोर शोभा होते. कॅथलिक मिस्सामधे, म्हंजे त्यांच्या उपासनेत, आपल्या प्रोटेस्टंट लोकांना साधारणपणे कम्युनियन मिळत नाही, त्यात अपमान काही नाही, त्यांची शिकवण तशी आहे. साल्व्हेशन आर्मीत (मुक्तिफौजेत) बाप्तिस्मा अन् प्रभुभोजन हे विधीच नाहीत. पेंटेकॉस्टल अन् बाप्टिस्ट लोक लहानपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत, अन् आपल्याकडचा एखादा पोट्टा त्यांच्या कॅम्पला जाऊन पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला की त्याची आजी कमिटीसमोर येऊन रडते, हे मी पाह्यलंय. म्हणून एक ओळ आधीच ठरवा, दुसऱ्याच्या सभासदाला त्याच्या पाळकाला कळवल्याशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नाही, सभासदही करून घ्यायचं नाही. मेंढरं पळवायची, म्हंजे सभासद ओढून न्यायची, भीती दोन्हीकडे असते, कोणी बोलून दाखवत नाही एवढंच.

स्वीडनमधल्या लुंड इथं 1952 च्या परिषदेत चर्चांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारला होता, की श्रद्धेचे खोल मतभेद जिथं वेगळं राहायला भाग पाडतात ते सोडून बाकी सगळ्यात आपण एकत्र का वागू नये. मला हा उलटा विचार आवडतो, वेगळं काय करायचं त्याची यादी छोटी असते, लिहून बघा, आमची अर्ध्या पानातच संपली.

मग एकच काम निवडा, एकच. आम्ही मे महिन्यातलं व्हीबीएस, म्हंजे पोरांची सुट्टीतली बायबल शाळा, निवडलं, शाळांना सुट्ट्या असतात अन् पोरं घरी आईचं डोकं खातात. नागपूरचा मे म्हंजे पारा पंचेचाळीसच्या आसपास, त्यामुळे वर्ग सकाळी साडेसात ते दहा, दहानंतर एकही पोरगं रस्त्यावर दिसलं नाही पाहिजे, कूलर अन् पाण्याच्या कॅनचा खर्च आधी धरा. हॉल आमचा, टीचर त्यांचे, नाश्ता दोन्हीकडच्या महिला मंडळाचा आळीपाळीनं. पहिल्या दिवशी पोहे कोणाचे चांगले यावरून थोडं झालं, पण ते चालतं. प्रार्थनेनंच सुरुवात करायची असेल तर 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा बऱ्याच देशांत पाळतात, एक संध्याकाळ त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. एकत्र मोठी जागृती सभा मात्र पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका, स्टेजवर कोण बसणार इथंच सगळं तुटतं. घेतलीच तर लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद, तो कायदा सगळ्यांना सारखा.

पैसा. वेगळं जॉइंट खातं उघडायच्या भानगडीत लगेच पडू नका, ज्याचा खर्च त्यानं करायचा, वही एक ठेवायची, शेवटी दोघांनी सही. बाहेरच्या देशातून मदत येत असेल तर फार सांभाळून, 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणगी कायद्याखाली आलेला) पैसा एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदीच आहे, मग ती तुमची कितीही जिवलग मंडळी असो. अन् जागा वापरायला देताना ट्रस्ट आहे हे विसरू नका, महाराष्ट्राच्या पब्लिक ट्रस्ट कायद्याच्या कलम 36 प्रमाणे इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर चॅरिटी कमिशनरची मंजुरी लागते. आपले काही वडीलधारे 'अरे आपलेच लोक आहेत' म्हणून दहा वर्षांचा कागद करायला निघतात, त्यांना तिथंच थांबवा, प्रेमानं.

आता आमची पहिली पार्टनरशिप बुडाली त्याचं सांगतो, कारण मला वाटतं बहुतेक अशाच बुडतात. ती दोन पाळकांच्या दोस्तीवर उभी होती. दोघं एकाच सेमिनरीतले, संध्याकाळी बर्डीवर सोबत चहा प्यायचे, तिथंच सगळं ठरायचं, आम्हाला रविवारी अनाउन्समेंटमधे कळायचं. दोन वर्षं मस्त चाललं, मिळून साठ खुर्च्या अन् एक कीबोर्ड घेतला. मग आमच्या साहेबांची बदली झाली, सहा महिन्यांत तिकडच्या पाळकांचीही. नवीन आलेले पाळक म्हणाले, मला याबद्दल कोणी सांगितलेलं नाही. खरंच नव्हतं सांगितलं, लिहिलेलंच नव्हतं तर सांगणार काय! पाळकाची बदली ठरलेलीच असते, तीन वर्षांनी नाही तर पाच वर्षांनी, मंडळी मात्र तिथंच राहते. म्हणून बोलणी सुरू झाली की पाळकांसोबत दोन्हीकडचे तीन-तीन साधे सभासद घ्या, त्यात एक बाई अन् एक तरुण पाहिजेच, अन् दोन्ही कमिट्यांच्या मिनिट्समधे एकच मजकूर उतरवा. दीड पान पुरतं, काम कोणतं, किती महिने, हॉलची किल्ली कोणाकडे, लाइटचं बिल कोण भरणार, मिळून घेतलेली वस्तू कोणाच्या नावावर, अन् वर्षानं पुढे चालू ठेवायचं की नाही ते कोणत्या तारखेला बसून ठरवायचं. थांबायचं ठरलं तर दोन्हीकडे एकाच रविवारी एकाच शब्दांत सांगायचं, म्हणजे अफवा उठत नाहीत.

दुसऱ्या वेळी आम्ही हे सगळं केलं. तिकडचे पाळक मधे बदलले, नवीन साहेबांना फाईल दाखवली, त्यांनी दोन प्रश्न विचारले अन् व्हीबीएसच्या तारखा विचारल्या. कॅरलचे रूटही आता नोव्हेंबरातच वाटून घेतो.

त्या साठ खुर्च्या मात्र गेल्याच. मागे त्या पहिल्या चर्चमधे एका लग्नाला गेलो होतो तर नेमका त्यातल्याच एका खुर्चीवर बसलो, पाठीवर आमच्या चर्चचं नाव पेंटनं लिहिलेलं अजून अर्धं दिसतं.