डायरेक्शनल व्हॉल्व घेताना या चुका टाळा, नाहीतर तेल तापत राहणार

भोसरीतल्या एका शॉपमधून फोन आला, पॉवर पॅकचं, म्हणजे प्रेसला दाबाचं तेल पुरवणाऱ्या पंप-टाकीच्या संचाचं, तेल तापतंय, कूलर बसवून द्या. जाऊन बघितलं तर सकाळी नऊला चालू केलेली प्रेस, अकरा वाजता टाकीला हात लावता येत नव्हता. विचारलं, हल्ली काही बदललं का? तर म्हणे डायरेक्शनल व्हॉल्व, म्हणजे तेल सिलिंडरच्या कुठल्या बाजूला जायचं ते ठरवणारा, जळाला होता, दुकानातून सेम साइजचा आणून टाकला.

साइज सेमच होती, एनजी 6 (एनजी म्हणजे व्हॉल्वच्या मापाचा स्टँडर्ड नंबर), चार एम 5 बोल्ट आवळले की बसला. पण जुना होता टँडम सेंटर, म्हणजे मधल्या पोझिशनला पंपाचं तेल सरळ टाकीत, आणि नवीन क्लोज्ड सेंटर, म्हणजे मधल्या पोझिशनला सगळे रस्ते बंद. पंप फिक्स गिअर पंप, म्हणजे फ्लो कमी न होणारा, 40 लिटर मिनिटाला. आता जॉब लावेपर्यंत ते सगळं तेल 160 बारला रिलीफ व्हॉल्ववरून (जादा प्रेशर टाकीत सोडणारा) जाणार, हिशोब करा, 40 गुणिले 160 भागिले 600, साडेदहा किलोवॉटच्या वर. तेवढ्या ताकदीचा हीटर टाकीत सोडल्यासारखंच झालं की! कूलर नाही, व्हॉल्व बदलला.

म्हणून नेमप्लेटवरच्या सिम्बॉलचा मधला चौकोन आधी बघा. पण टँडम सगळीकडे टाकू नका हं. एका पंपावर दोन-तीन व्हॉल्व पॅरलल असतील तर एकाच्या सेंटरमधून सगळं प्रेशर टाकीत पळतं आणि बाकीचे सिलिंडर हलतच नाहीत. आणि एनजी 16 सारखा पायलट ऑपरेटेड घेतला, म्हणजे ज्यात स्पूल (आतला सरकणारा दांडा) तेलाच्या प्रेशरने ढकलला जातो, पायलट इंटर्नल म्हणजे ते तेल त्याच लाइनमधून आणि सेंटर टँडम, तर स्पूल ढकलायला प्रेशरच उरत नाही, तिथे पाच बारच्या आसपासचा प्रीलोड चेक (लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व) लागतो किंवा पायलट बाहेरून द्यावा लागतो. यात लोक दोन-दोन दिवस कॉइल (व्हॉल्व चालवणारं इलेक्ट्रिक वेटोळं) बदलत बसलेले बघितलेत.

दुसरी मोठी चूक, पंपाचा फ्लो बघून व्हॉल्व घेणं. 100 मिमी बोअर (आतला व्यास), 70 मिमी रॉडचा सिलिंडर धरा. वर घेताना रॉड साइडला 40 लिटर जातं, पण बोअर साइडचं एरिया जवळपास दुप्पट, म्हणून तिकडून 78 लिटर परत येतं आणि तेही त्याच व्हॉल्वमधून. एनजी 6 तिथे गुदमरतो. परतीला 20 बार अडकलं तर रॉड साइडला जवळपास 40 बार जास्तीचं लागतं, मग रॅम (सिलिंडरने वर-खाली होणारा प्रेसचा भाग) हळू येतो आणि शिव्या पंपाला. अशा ठिकाणी सरळ एनजी 10 घ्या.

लोड लटकवून ठेवायचाय आणि क्लोज्ड सेंटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, स्पूल थोडा गळतोच, रॅम खाली सरकतो. पायलट चेक लावा, म्हणजे पायलट प्रेशर मिळेपर्यंत तेल परत न सोडणारा व्हॉल्व, आणि लावला की सेंटर असा घ्या ज्यात ए आणि बी (सिलिंडरकडे जाणारे दोन पोर्ट) टाकीला उघडे असतील, नाहीतर पायलट लाइनमध्ये प्रेशर अडकतं आणि चेक नीट बसत नाही. तरीही रॅमखाली हात घालायच्या आधी सपोर्ट लावाच, प्लीज.

क्लॅम्पिंगला स्प्रिंग रिटर्न नको, लाइट गेली की जॉब सुटतो, डिटेंटवाला घ्या, तो आहे त्या पोझिशनला अडकून राहतो.

कॉइल सारखी जळत असेल तर ती एसी आहे का बघा. स्पूल कचऱ्याने अडकला की एसी कॉइलचा प्लंजर पूर्ण आत जात नाही, करंट चढलेलाच राहतो आणि ती जळते, डीसीला हा त्रास नाही. त्यामुळे नुसती कॉइल बदलून भागत नाही, स्पूल साफ करा आणि फिल्टर बघा. व्होल्टेज पॅनेलमध्ये नको, कॉइलच्या प्लगवर चालू लोडला मोजा, लांब केबलमध्ये 24 चे 20 झालेले असतात. मग सगळ्यांना बाजूला करून मॅन्युअल पिन दाबा, सिलिंडर हलला तर भानगड इलेक्ट्रिकमध्ये, पिनच आत जात नसेल तर स्पूल जाम.

आणि जुना व्हॉल्व भंगारात टाकायच्या आधी नेमप्लेट डिझेलने पुसून फोटो काढून ठेवा, दुकानदाराला तोच पाठवा, "सेम साइजचा द्या" असं सांगू नका.