जुनी लष्करी रायफल : नवी करावी की आहे तशी ठेवावी?

जुन्या नाशकातील एखाद्या वाड्याच्या माळ्यावर ली-एनफिल्ड, म्हणजेच थ्री-नॉट-थ्री रायफल निघाली, तर पहिला प्रश्न पॉलिशचा नसून परवान्याचा असतो. हे बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, आपल्याकडे प्रतिबंधित वर्गात मोडते. त्यामुळे कागदपत्रे नसल्यास तिला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे. शहरात परवान्याचे स्थानिक काम पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये, दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तू ठरलेल्या शस्त्राला सूट आहे. मात्र ती आपल्या रायफलीला लागू आहे की नाही, हे मालकाने घरी बसून ठरवू नये. निकामी रायफल चालू करण्याची हौस तर सरळ कायद्याच्या कचाट्यात नेणारी ठरते.

कागदपत्रे चोख असतील, तर माझे मत स्पष्ट आहे : गंज थांबवावा, बाकी काही करू नये. बंगालमधील ईशापूरच्या शस्त्र कारखान्यात ब्रिटिश काळात घडलेल्या बहुतेक रायफलींवर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. ही जॉर्ज राजाची अक्षरे आणि साल कोरलेले असते. बोल्टच्या, म्हणजे गोळी आत सारणाऱ्या सरकत्या भागाच्या, दांड्यावरील क्रमांक बॉडीवरील क्रमांकाशी जुळला, तर तिचे मोल निश्चितच वाढते. लाकडावर पॉलिश पेपर फिरवला, की तपासनिसांचे उथळ ठसे कायमचे जातात आणि नव्या काळ्या मुलाम्याखाली मूळ पृष्ठभागही हरवतो. क्रमांक खोडणे हा तर गुन्हाच आहे.

काम सुरू करण्यापूर्वी रायफल भरलेलीच आहे असे समजून परवानाधारक कारागिराकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. मग लाल, भुकटीसारखा सुटणारा गंज तेवढा हलक्या तेलात भिजवलेल्या अतिबारीक स्टील वूलने, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात अजमावून, हळुवार काढावा. घट्ट बसलेली तपकिरी झाक तशीच राहू द्यावी. कोरड्या पडलेल्या लाकडाला जवसाच्या तेलाचे मोजके थेंब तळहाताने चोळावेत. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकू नयेत, कारण ते आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवावेत.

स्क्रू खोलण्याचा मोह विशेषतः टाळावा. या रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा लाकडी भाग, काढण्याआधी पुढचे लाकूड उतरवावे लागते. तसे न करता दस्त्याच्या आतील तो जोडणारा लांब स्क्रू-बोल्ट फिरवला, तर त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडात फिरते आणि ते लाकूड तडकते. ही तड सांधली तरी दिसतेच.

नाशिकच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीलगत किंवा चामड्याच्या म्यानात रायफल ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि त्यातील आम्ल लोखंड खाते. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि जून ते सप्टेंबर या काळात दर पंधरवड्याला धातूवरून तेलाचे फडके फिरवावे.